खिंड बंद, फी चालू

गुरेझ हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. पोस्टिंगचं कळल्यावर घरी फोन केला तर आईनं विचारलं, "ते काश्मीरच्या अलीकडं का पलीकडं?" उत्तर काश्मीरच्या बांदीपोरा जिल्ह्यातलं, ताबारेषेला लागून असलेलं हे खोरं. बांदीपोऱ्याहून राजदान खिंड ओलांडून सुमारे ८५ किलोमीटर गेलं की डावर हे तिथलं मुख्य गाव लागतं. खिंडीची उंची ११ हजार फुटांच्या वर. खाली किशनगंगा नदी, काठाला ओंडक्यांची घरं, आणि काश्मिरी नव्हे तर शिना बोलणारी माणसं. आमचं ठाणं नेमकं कुठे होतं ते अर्थातच लिहिणार नाही.

बर्फ पडायला लागला की खिंड बंद. डिसेंबरात बंद झालेला रस्ता उघडायला मार्च-एप्रिल उजाडतो. मधल्या काळात आजारी माणसाला हेलिकॉप्टर मिळालं तर मिळालं. म्हणून फौजेत उन्हाळाभर एकच काम चालतं, 'ॲडव्हान्स विंटर स्टॉकिंग'. रॉकेल, पीठ, डाळ, तेल, टिनबंद भाजी, औषधं, बुखारीचे सुटे भाग, सगळं मोजून सहा महिन्यांचं वर चढवायचं. गावातली घरंही तेच करतात. लाकूडफाटा रचायचा, जनावरांसाठी गवत साठवायचं, भाजी वाळवायची, बटाटा जमिनीत पुरून ठेवायचा. हिवाळा येणार हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे त्याची कुणाला भीती वाटत नाही. तयारी राहिली तर मात्र वाटते.

याचा कॉलेजच्या फीशी काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. तर त्या हिवाळ्यात माझ्या डोक्याला बर्फापेक्षा जास्त त्रास पुणे जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या फीनं दिला, आणि ती फी माझ्या घरातल्या कुणाचीही नव्हती.

आमच्याकडे पोर्टर म्हणून काम करणारा एक माणूस होता. पन्नाशीचा असेल. आम्ही सगळे त्याला चाचा म्हणायचो. गुडघाभर बर्फात पाठीवर रॉकेलचा जेरीकॅन घेऊन चढण चढायचा आणि वर पोचल्यावर आम्हालाच विचारायचा, "थक गए क्या?" जानेवारीतल्या एका दुपारी माल उतरवून झाल्यावर तो लगेच परत फिरला नाही. बुखारीपाशी बसून राहिला. चहा झाला, दुसरा झाला. मग म्हणाला, "साब, पूना आपका मुल्क है ना?"

मी म्हटलं, सातारा आहे, पण पुणं जवळच.

त्याचा धाकटा मुलगा तिकडे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. ही गोष्ट त्यानं वर्षभरात कधी सांगितली नव्हती. सांगायचं कारण असं, की मुलानं मोठ्या बहिणीला फोन करून सांगितलं होतं, मी परत येतो. कॉलेजनं फी बाकी असल्याची नोटीस लावली होती, १ लाख १० हजार. ती भरल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म घेणार नाही म्हणत होते. चाचानं पैसे मागितले नाहीत. त्याला एवढंच विचारायचं होतं की, जी फी सरकार भरणार म्हणून पोराला पाठवलं, ती कॉलेज पोराकडे मागू शकतं का? आणि परत यायचं म्हणाला तरी येणार कुठून, खिंड तर बंद!

इथे थोडं थांबून त्या योजनेबद्दल सांगायला हवं, कारण आपल्याकडे ती कुणाला माहीत नाही. जम्मू-काश्मीर आणि आता लडाखमधल्या मुलांना बाहेरच्या राज्यांत शिकता यावं म्हणून २०११ साली पंतप्रधान विशेष शिष्यवृत्ती योजना सुरू झाली. वर्षाला ५,००० जागा. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. बारावीनंतर ऑनलाइन समुपदेशन होतं, कॉलेज मिळतं, आणि तिथल्या नेहमीच्या जागांना धक्का न लावता जास्तीच्या जागेवर प्रवेश होतो. इंजिनिअरिंगसाठी वर्षाला सव्वा लाखापर्यंत शिक्षण शुल्क, आणि राहणं-जेवण-पुस्तकांसाठी वर्षाला १ लाख. यातलं शुल्क थेट कॉलेजच्या खात्यात जातं, निर्वाहाचे पैसे मुलाच्या खात्यात. पण दोन्ही सुटायच्या आधी मूल खरंच तिथे शिकतंय, पास होतंय, याची खात्री कॉलेजनं पोर्टलवर द्यावी लागते.

म्हणजे योजना चांगली. आमच्या खोऱ्यासारख्या ठिकाणच्या पोरासाठी तर फारच चांगली. २०२३ च्या अखेरीपर्यंत तिथे ग्रिडची वीज नव्हती, संध्याकाळी काही तास डिझेल जनरेटर चालायचा. त्या उजेडात बारावी केलेल्या पोराला पुण्यात इंजिनिअरिंगला जागा मिळते, ही छोटी गोष्ट नाही. अडचण एवढीच, की कागदावरची मंजुरी आणि खात्यातला पैसा यांच्यामध्येही एक खिंड असते. ती कधी उघडणार हे सांगणारा कुणी नसतो.

डावरच्या बाजूला नेटवर्क मिळालं तेव्हा मी पोराशी बोललो. मी हिंदीत सुरुवात केली तर तो म्हणाला, "सर, मराठी चालेल, थोडी येते." मी विचारलं, कुठे शिकलास? म्हणाला, "पहिलं वाक्य फी खिडकीवर. 'फी भरली का?'" हसला, पण ते हसू बरं नव्हतं.

हळूहळू सगळं बाहेर आलं. बाकीदारांची यादी कुणीतरी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती. त्यात त्याचं नाव वरून तिसरं. निर्वाहाचे पैसेही आलेले नव्हते, त्यामुळे हॉस्टेल आणि मेसचे मिळून १४ हजार थकले होते. मेसवाल्याला तोंड दाखवायला नको म्हणून तो रात्री जेवायला जात नव्हता. खोलीतला मित्र वडापाव आणायचा. आणि यादी आल्यापासून, म्हणजे जवळजवळ तीन आठवडे, तो वर्गातच गेला नव्हता.

हे शेवटचं ऐकल्यावर माझ्या पोटात गोळा आला. फी कितीही उशिरा आली तरी चालते, मागची बाकी पुढे भरता येते. गेलेली हजेरी मात्र कुठलंही सरकार मागून पाठवत नाही. कॉलेजात ७५ टक्के हजेरीचा नियम असतो. ती गेली तर परीक्षा जाते, परीक्षा गेली तर कॉलेज 'हा मुलगा पास होतोय' अशी खात्री देऊ शकत नाही, आणि मग शिष्यवृत्ती खरोखरच थांबते. म्हणजे उशीर झाला दुसऱ्या कुणाचा, आणि त्याचं रूपांतर पोराच्या नापासात झालं की पुढे दोष पोराचाच. रजिस्टरवर असंच दिसणार, 'गैरहजर'. मी बरीच पोरं अशी शिक्षण सोडताना पाहिली आहेत, गावाकडेही. त्यांना कुणी काढून टाकलेलं नसतं. खिडकीवरचा एक प्रश्न चुकवण्यासाठी ती आधी मागच्या बाकावर जातात, मग कँटीनला, मग घरी.

मी त्याला म्हटलं, पैशाचं नंतर बघू. उद्या सकाळच्या पहिल्या तासाला जाऊन बस. कुणी काही विचारलं तर सांग, अर्ज दिलाय. "पण दिला नाही ना," तो म्हणाला. म्हटलं, देऊ.

माझा धाकटा भाऊ चाकणला एका कारखान्यात आहे. त्या भागात बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, आणि गुरुवारी कॉलेजचं ऑफिस उघडं असतं, हे आमचं नशीब. भाऊ भांडखोर नाही, ही त्याहून मोठी गोष्ट. माझ्या मामेभावाला पाठवलं असतं तर त्यानं पहिल्या पाच मिनिटांत टेबल वाजवलं असतं आणि पोराला पुढची अडीच वर्षं त्याच टेबलासमोर उभं राहावं लागलं असतं. बाहेरचा माणूस आरडाओरडा करून निघून जातो, विद्यार्थ्याला तिथेच राहायचं असतं.

पोरानं आदल्या रात्री इंग्रजीत दोन पानी अर्ज लिहून ठेवला होता. त्यात बर्फ होता, आईचं आजारपण होता, वडिलांची हमाली होती, भारताचं भविष्यही होतं. भावानं तो वाचला, घडी करून त्याच्याच खिशात ठेवला आणि म्हणाला, "हे सगळं खरं आहे, पण क्लार्कला यातलं काही करता येणार नाही. त्याला करता येईल तेवढंच लिही." मग चार ओळींचा अर्ज झाला: मी अमुक योजनेतला विद्यार्थी, माझा क्रमांक हा, या वर्षाची माझी पडताळणी पोर्टलवर प्रलंबित दिसते, ती करावी, आणि शुल्क जमा होईपर्यंत परीक्षेचा फॉर्म हमीपत्रावर स्वीकारावा. दोन प्रती. एक ऑफिसला, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायचा.

आवक-जावक हा शब्द माहीत नसलेल्या माणसानं महाराष्ट्रात सरकारी किंवा निमसरकारी काम करायला जाऊ नये, असं माझं मत आहे. तोंडी सांगितलेलं काम हवेत जातं. आवक क्रमांक पडला की त्या कागदाचा कुणीतरी मालक होतो.

कॉलेजच्या ऑफिसात कळलं ते असं. पैसे वरून आले नव्हते हे खरंच. पण का आले नव्हते? या योजनेचं काम बघणारे प्राध्यापक दिवाळीच्या सुमारास नोकरी सोडून गेले होते. पोर्टलचा लॉगिन त्यांच्याकडे होता, ओटीपी त्यांच्या मोबाइलवर जायचा. नवीन माणूस नेमला होता, पण त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की हे काम आता तुझं आहे. फी विभागाकडे फक्त बाकीची यादी होती. त्यांना योजना ठाऊक नव्हती, आणि योजना पाहणाऱ्याला यादी ठाऊक नव्हती. पोरगं दोघांच्या मधे उभं होतं. दुष्ट असं कुणीच नव्हतं. कॉलेजचं नाव मी घेत नाही, कारण असं कुठेही होऊ शकतं आणि होतं. भावाला जे क्लार्क भेटले त्यांनीच शेवटी प्राचार्यांकडे नेलं, हेही लिहायला हवं. प्राचार्यांनी हमीपत्र घेऊन फॉर्म भरून घ्यायला सांगितलं. त्याच योजनेतली आणखी तिघं त्या यादीत होती, त्यांचेही फॉर्म त्याच दिवशी गेले. ती तिघं एकमेकांशी कधी यावर बोललीच नव्हती. चौघंही आपापल्या खोलीत आपापली लाज घेऊन बसलेली.

राहिले १४ हजार. ते मात्र कागदानं भागणारं नव्हतं.

लंगरात विषय निघाला तर चार पोरं लगेच म्हणाली, वर्गणी काढू. सुभेदार साहेबांनी ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "चाचाला विचारलं का?" विचारलं तर चाचा उठूनच उभा राहिला. खैरात नको. उधार द्या, लिहून द्या. मग माझ्या वहीत तारीख घालून लिहिलं, चौघांचे प्रत्येकी साडेतीन हजार, निर्वाहाची रक्कम आल्यावर परत. चाचानं खाली उर्दूत सही केली. सही करताना त्याची मान जेवढी ताठ होती तेवढी मी जेरीकॅन नसतानाही कधी पाहिली नव्हती. पैसे घेणाऱ्याला त्यानं सही करू दिली पाहिजे, हे सुभेदार साहेबांना कुठल्या कोर्समध्ये शिकवलं होतं कोण जाणे.

आणखी एक सांगतो. पोराच्या मोबाइलवर तेव्हा रोज झटपट कर्ज देणाऱ्या ॲपचे मेसेज यायचे. पाच मिनिटांत पैसे, कागदपत्रं नकोत. त्यानं एक ॲप उतरवूनही घेतलं होतं. भावानं ते त्याच्यासमोर काढून टाकायला लावलं. असल्या ॲपना फोनमधली सगळी नावं-नंबर हवे असतात, आणि हप्ता चुकला की ती बापाला, मास्तरांना, वर्गातल्या मुलींना फोन लावतात. आधीच लाजेनं खोलीत बसलेल्या पोराला याच्याइतकी वाईट मदत दुसरी नाही.

हे चालू असतानाच आमच्याच कंपनीतल्या सांगलीच्या एका जवानाचं वेगळंच प्रकरण समोर आलं. त्याची बहीण फार्मसीला. वडील शेतकरी. ८ जुलै २०२४ च्या राज्य सरकारच्या निर्णयानं ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ झालं. घरात आनंद. महाडीबीटीवर अर्ज भरला, मंजूर झाला, पण पैसे काही दिसेनात. तीन महिने सगळे सरकारच्या नावानं बोटं मोडत होते. हा जवान पहाऱ्यावर असतानाही तेच बोलायचा.

पैसे आले होते. आधारवर आधारित रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यात जातेच असं नाही. आधारशी शेवटचं जे खातं जोडलेलं असेल, त्यात ती जाते. बहिणीनं कधीतरी नवीन सिमकार्ड घेतलं तेव्हा दुकानदारानं अंगठा घेऊन एक छोटं खातंही उघडून दिलं होतं. तिला ते आठवतही नव्हतं. पैसे तिथे निवांत पडून होते. तेव्हा पैसे आले नाहीत म्हणायच्या आधी आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते बघा. आधारच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत दिसतं. आणि घरातल्या कुणीही सिम घेताना दुसऱ्या-तिसऱ्यांदा अंगठा मागितला तर कशासाठी ते विचारा.

अर्थात दरवेळी दोष खालच्या टेबलाचा किंवा अंगठ्याचा असतो असं नाही. कधी पैसा वरूनच उशिरा सुटतो, आणि त्याची कारणंही योजनेच्या रचनेतच असतात. अनुसूचित जातींच्या मुलांसाठीची दहावीनंतरची शिष्यवृत्ती घ्या. २०२१ पासून तिच्यात केंद्राचे ६० टक्के आणि राज्याचे ४० टक्के, आणि राज्यानं आपला वाटा टाकल्यावर केंद्राचा वाटा मुलाच्या खात्यात येतो. म्हणजे दोन किल्ल्यांचं कुलूप. कॉलेजची फीची तारीख मात्र एकच असते आणि ती कुणासाठी थांबत नाही. शिवाय रक्कम आता मुलाच्या खात्यात येते, तिथून ती त्यानं कॉलेजला भरायची. घरात कुणाचं ऑपरेशन निघालं, बी-बियाणाची वेळ आली, की त्या पैशाला पाय फुटतात. हे मी नावं ठेवायला म्हणत नाही. ज्या घरात एकच खातं भरलेलं असतं, तिथे सगळ्या गरजा त्याच खात्याकडे बघतात.

फौजी घरांबद्दलही बोलायला हवं, कारण हे वाचणारे बरेच जण आपलेच आहेत. केंद्रीय सैनिक बोर्डाची पंतप्रधान शिष्यवृत्ती म्हणजे मुलांना महिना २,५०० आणि मुलींना ३,०००. पण ती माजी सैनिकांच्या आणि वीरपत्नींच्या मुलांसाठी आहे. सेवेत असलेल्याचं पोर तिच्यात बसत नाही, आणि दर वर्षी कुणीतरी तिच्या भरवशावर प्रवेश घेतो. शिवाय ती वर्षाची एकदम मिळते, आणि तीही प्रवेश झाल्यावर. ती धरून पहिल्या वर्षाच्या फीचं गणित मांडू नका. सेवेत असताना आपला आधार म्हणजे एएफपीपी फंड. मुलांच्या उच्च शिक्षणासाठी त्यातून रक्कम काढता येते. पण अर्ज कंपनी क्लार्ककडून पुढे, तिथून रेकॉर्ड आणि पे ऑफिसकडे, असा त्याचाही एक प्रवास आहे. फीची तारीख पुढच्या आठवड्यात आणि अर्ज आज, असं केलं तर क्लार्क बिचारा काय करणार? प्रवेशाची फेरी सुरू झाली की अर्जाचा कागद तयार ठेवावा.

शैक्षणिक कर्जाला आपल्याकडे अजून लोक घाबरतात. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, आपला वाटाही भरावा लागत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं पीएम विद्यालक्ष्मी मंजूर केली. त्यात निवडक दर्जेदार संस्थांमधल्या मुलांना विनातारण, विनाजामीन कर्ज आहे, आणि ८ लाखांच्या आतल्या घरांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्क्यांची सवलत. शिष्यवृत्ती मंजूर आहे पण पोचली नाही, अशा घरानं एका वर्षाच्या फीपुरतं छोटं कर्ज घेऊन रक्कम आली की फेडावं, हे मला सावकारापेक्षा आणि बायकोच्या डोरल्यापेक्षा शंभर पटीनं बरं वाटतं. पण हेही काम प्रवेशाच्या आधीचं. बँकेतही खिंडी असतात.

आमच्या घरी मुलगी आत्ता नववीत आहे. त्या हिवाळ्यानंतर बायकोनं आणि मी एक वेगळं आवर्ती खातं काढलं. नाव काय ठेवायचं म्हणून विचार करत होतो तर तिनं पासबुकाच्या कव्हरवर पेननं लिहून टाकलं, 'विंटर स्टॉक'. वर्षाची फी त्यातून होणार नाही, पण पहिले तीन-चार महिने निघतील. माझं म्हणणं एवढंच, की आम्हाला हे जमतं कारण महिन्याच्या शेवटी पगार येतो. चाचाच्या घरात लाकूड साठतं, बटाटा साठतो, फी साठत नाही. त्याला 'आधीच तयारी करायला हवी होती' असं सांगणारे लोक मला भेटले. त्यांना मी बर्फात एक जेरीकॅन घेऊन वर यायला सांगितलं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पोराचा निर्वाह भत्ता जमा झाला. कॉलेजचं शुल्क त्यानंतर काही दिवसांनी. मधल्या काळात त्यानं हजेरी भरून काढली होती. बुडालेल्या प्रात्यक्षिकांसाठी एका मॅडमनी त्याला शनिवारी बोलावून घेतलं, त्या मॅडमना माझा सलाम. परीक्षेत एक विषय राहिला, बाकी सुटले. गणित राहिलं म्हणून चाचाला वाईट वाटलं, मी म्हटलं आमच्या घराण्यात ते तीन पिढ्या राहिलंय.

खिंड उघडल्यावर चाचा पैसे घेऊन आला. सगळ्या नोटा, धुराचा वास येणाऱ्या, आणि सोबत राजमा. राजमा परत घ्यायला तो तयार नव्हता, वहीत लिहिलेला नव्हता म्हणून. चौघांतला एक जवान तोवर बदलून आसामला गेला होता. त्याचे साडेतीन हजार माझ्याकडे ठेवून घ्यायलाही चाचा तयार झाला नाही. त्याचा खाते क्रमांक मागितला, डावरला जाऊन स्वतः पाठवले आणि पावती आणून दाखवली. मग वहीतल्या त्या पानावर त्यानंच आडवी रेघ मारली.

मी आता वाळवंटात आहे. इथे खिंड नाही, फक्त वाळू. मागच्या जुलैत, तिसऱ्या वर्षाचे वर्ग सुरू व्हायच्या आधी, फोनवर एक फोटो आला. चार ओळींचा अर्ज, कोपऱ्यात गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख. अर्जाखाली पाच सह्या. गेल्या वर्षीची चौघं, आणि नुकताच आलेला कारगिलचा एक नवा मुलगा. खाली मराठीत लिहिलं होतं, "काका, नवीन सरांचा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो तेही विचारून घेतलं."